धरणाची दारे आणि सर विश्वेश्वरय्या

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. आमचा संबंध जमा-खर्चाशी, ताळेबंदाशी आणि घसाऱ्याशी. धरण, कालवा, चुना, दगड हा विषय शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. तरीही मी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या चरित्राच्या नादी लागलो, याचे कारण एक साखळी.

१० ऑगस्ट २०२४ च्या रात्री होसपेटजवळच्या तुंगभद्रा धरणाच्या एकोणिसाव्या दाराची साखळी तुटली आणि दार वाहून गेले. धरण काठोकाठ भरलेले होते. ह्याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा वर्गमित्र गंगावतीच्या बाजूचा. घरची भातशेती, तीही तुंगभद्रेच्या कालव्यावर. त्या आठवड्यात तो वर्गात बसलेला असे, पण लक्ष सगळे फोनकडे. फुटलेल्या दारात पोलादी तुकडे उतरवायचे तर आधी धरणातले पाणी उतरवावे लागते. म्हणून बाकीची दारे उघडून पाणी नदीत सोडून दिले गेले. वर्षभराच्या पिकाचे पाणी डोळ्यांदेखत समुद्राकडे चालले होते. सहा-सात दिवसांत इंजिनिअर कन्नय्या नायडू यांच्या मार्गदर्शनाखाली ते तात्पुरते दार बसले, उरलेले पाणी वाचले. धरण १९५३ सालचे; भिंतीला काही झाले नव्हते. गेली ती साखळी.

त्याच सुमारास आमचा घसाऱ्याचा पाठ चालू होता. यंत्राला दरसाल अमुक टक्के, इमारतीला तमुक टक्के. मी उभा राहून सरांना विचारले, की सर, धरणाला घसारा किती? वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. भिंतीचा वेगळा आणि दारांचा वेगळा, एवढेच म्हणाले, आणि वाचनालयातून विश्वेश्वरय्यांच्या आठवणींचे पुस्तक काढून वाचण्यास सांगितले. हा लेख त्या वाचनातून आलेला आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. तारीख १५ सप्टेंबर १८६१. काही जण साल १८६० धरतात. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित. ते लवकर वारले. मुलाने बंगलोरास शिकवण्या करून शिक्षण केले आणि १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाला. पुढे म्हैसूर सरकारच्या मदतीने तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग शिकायला आला. १८८३ च्या परीक्षेत तो मुंबई इलाख्यात पहिला आला आणि १८८४ साली इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाला. पहिली नेमणूक नाशकास. थोडक्यात सांगायचे तर कन्नड मुलखातला हा मुलगा घडला मराठी मुलखात. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्या मंडळींत त्यांची ऊठबस होती. आपल्याकडे कोण कुणाचा यावरून किती शाई खर्ची पडते हे वाचकांस ठाऊकच आहे. विश्वेश्वरय्यांच्या बाबतीत तो हिशेब मांडायला बसले तर ताळेबंद कधी जुळणार नाही, म्हणून मी मांडत नाही.

दोन मेणबत्त्यांची, आगगाडीच्या रुळांची वगैरे गोष्ट शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेली असते. ती मी येथे सांगणार नाही. खानदेशातल्या पांझरा नदीवरचे पहिले अवघड काम, सिंधमधल्या सक्कर शहराचा पाणीपुरवठा, हेही नुसते नावापुरते सांगून पुढे जातो. मला पोचायचे आहे खडकवासल्याला.

खडकवासल्याचे धरण मुठा नदीवर, १८७९-८० च्या सुमारास पुरे झालेले. दगडी बांध, मागे फाइफ तलाव. पुणे आणि खडकी छावणीला पिण्याचे पाणी आणि कालव्याखालच्या शेतीला पाणी, अशा दोन्ही कामांसाठी ते बांधले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अपुरे पडू लागले. आता ज्याला पाणी वाढवायचे आहे त्याला सोपा मार्ग दिसतो, तो म्हणजे सांडव्याची भिंत उंच करणे. पण भिंत उंच केली की पुराचे पाणीही तेवढेच उंच चढते, आणि जुन्या धरणावर न पेलणारा दाब येतो. म्हणजे जास्त साठवावे तर धरणाला धोका, आणि धरण जपावे तर उन्हाळ्यात नळ कोरडा. धरणाचा उपयोग आणि धरणाची सुरक्षितता ही दोन एकाच घरातली भांडखोर भावंडे आहेत, हे मला येथे पहिल्यांदा कळले.

विश्वेश्वरय्या त्या वेळी पुण्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते. त्यांनी सांडव्यावर दगड चढवला नाही, दारे बसवली. ही दारे आपोआप चालणारी. दाराच्या तोलाला वजन, ते वजन विहिरीत लोंबते. तलाव ठरल्या पातळीपर्यंत भरला तरी दार बंद. पाणी त्याहून वर चढले की ते आपणहून विहिरीत उतरते, तोल बदलतो आणि दार उघडते. पूर ओसरला, विहीर रिकामी झाली, की दार पुन्हा मिटते. मध्यरात्री मुसळधार पावसात कुणी रखवालदार धावत जायला नको. भिंतीची उंची होती तेवढीच राहिली, आणि तलावात सुमारे ८ फूट जास्त पाणी राहू लागले. हे १९०३ सालचे. त्यांनी ह्या योजनेचे पेटंट घेतले, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाबद्दल सरकारकडून मानधन घेतले नाही. आम्हा वाणिज्यवाल्यांना हा व्यवहार जरा अव्यवहारी वाटतो. असो.

त्याच काळात त्यांनी कालव्याच्या पाण्याला शिस्त लावली. कालव्याच्या तोंडाशी ज्याचे शेत तो उसाला हवे तेवढे पाणी घेई आणि जमीन चिबड करून बसे. शेवटच्या टोकाचा आकाशाकडे पाही. विश्वेश्वरय्यांनी गावोगाव जमिनीचे गट पाडले, गटातल्या ठरावीक हिश्श्यालाच उसाचे पाणी, बाकीच्याला हंगामी पिकांचे, तेही पाळीने. ही ब्लॉक पद्धत. शेतकरी आधी बिथरले, मग रुळले. आमच्याकडे आजही पाळी चुकली की कालव्यावर काठ्या निघतात, तेव्हा हे काम धरण बांधण्याहून सोपे नसावे.

बेळगाव, धारवाड, विजापूर, कोल्हापूर ह्या आपल्या भागातल्या पाणीपुरवठ्याच्या योजनांतही त्यांचा सल्ला होता. पुढे वरच्या जागा हिंदी माणसाला मिळायच्या नाहीत हे दिसल्यावर १९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली आणि ते युरोप पाहायला गेले. तिथे असतानाच त्यांना निजाम सरकारचे बोलावणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला होता. सुमारे १५ हजार माणसे गेली असे म्हणतात.

१९०९ साली हैदराबादेत येऊन विश्वेश्वरय्यांनी पाऊस मोजला, नदीचे खोरे तपासले. मुसीच्या वरच्या अंगाला सुमारे आठशे लहान-मोठे तलाव होते आणि त्या पावसात त्यांतले दोनशेहून अधिक फुटले होते. एकाचे पाणी दुसऱ्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर. हा मजकूर मी दोनदा वाचला. शहर बुडाले ते नुसत्या पावसाने नव्हे, तर डागडुजीच्या आशेवर उभ्या असलेल्या त्या लहान बांधांनीही पुराला हातभार लावला होता. त्यावर त्यांनी सुचवले, की शहराच्या वरच्या बाजूला मुसी आणि ईसी ह्या नद्यांवर दोन मोठे जलाशय बांधावेत आणि पुरासाठी त्यांत जागा राखून ठेवावी. त्यांतून उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली झाला. पुढे हैदराबाद शहराने पिढ्यान् पिढ्या त्यांचे पाणी प्यायले. आणि भावंडांचे भांडण तेथेही आलेच. तहानेसाठी तलाव भरून ठेवावा, तर पुरासाठी जागा उरत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत मोठा पाऊस झाला तेव्हा हिमायतसागराची दारे उघडावी लागली आणि मुसीकाठची वस्ती पुन्हा पाण्यात गेली. नदीच्या पात्रात घरे बांधण्याचा सल्ला काही विश्वेश्वरय्यांनी दिला नव्हता.

१९०९ च्या नोव्हेंबरात ते म्हैसूर संस्थानाचे चीफ इंजिनिअर झाले. कन्नंबाडीचे धरण, म्हणजे कृष्णराजसागर, येथून सुरू होते. कावेरीवर धरण बांधण्याचा मनसुबा टिपू सुलतानाचाही होता. १७९४ सालचा त्याचा फारसी शिलालेख धरणाच्या जागी सापडला. पण टिपूला वेळ मिळाला नाही. विश्वेश्वरय्यांपुढे अडचण पैशाची होती. पहिल्या टप्प्याला ८१ लाख रुपये लागणार होते आणि संस्थानाचे अर्थखाते एवढा पैसा काढायला तयार नव्हते. त्यांनी हिशेब मांडला तो मला फार आवडला. कोलारच्या सोन्याच्या खाणींना शिवसमुद्रमची वीज १९०२ पासून जात होती आणि त्याचे पैसे संस्थानाला मिळत होते. कावेरीचे पाणी उन्हाळ्यात कमी पडले की वीज कमी पडे. धरणाने ती बारमाही झाली, की खाणींच्या पैशातून धरणाचा खर्च निघणार आणि शेतीला पाणी वरकड मिळणार. महाराजा चौथे कृष्णराज वोडेयर यांनी १९११ च्या ऑक्टोबरात मंजुरी दिली.

मद्रास सरकारने हरकत घेतली. कावेरीचे पाणी खाली तंजावरपर्यंत जाते, तेव्हा त्यांची हरकत अगदीच खोटी नव्हती. परवानगी मिळाली ती लहान धरणाची. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र मोठ्या धरणाचा घातला. ह्याला दूरदृष्टी म्हणावे की हिकमत, हे ज्याने त्याने ठरवावे. तंजावरचा शेतकरी आणि मंड्याचा शेतकरी ह्यांचे उत्तर एक येणार नाही. १९२४ साली दोन्ही सरकारांत करार झाला आणि मोठे धरण मान्य झाले. सिमेंट परदेशातून आणणे परवडणारे नव्हते, म्हणून दगड चुना-सुरखीत बांधला. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. लांबी सुमारे ८,६०० फूट, उंची १३० फूट, साठा ४९ टीएमसी. हजारो मजूर, हिवताप, रात्रीच्या दिव्यांखाली काम. जुने कन्नंबाडी गाव आणि त्याचे वेणुगोपाळाचे देऊळ पाण्याखाली गेले. देऊळ पुढे कित्येक दशकांनी उचलून काठावर नव्याने उभे केले, पण शेतजमीन उचलून काठावर आणता येत नाही. चरित्रांत ह्या माणसांना चार ओळी मिळतात, मीही त्याहून जास्त देऊ शकत नाही, कारण त्यांची नावे कुठे लिहिलेली मला सापडली नाहीत.

धरण पुरे झाले १९३१ च्या सुमारास. उजाड मंड्याला कालव्याने पाणी मिळाले, ऊस आला, १९३३ साली साखर कारखाना आला. त्या कालव्याला पुढे विश्वेश्वरय्यांचेच नाव दिले गेले. पण धरण पुरे होईपर्यंत ते त्या कामावर राहिले नव्हते. १९१२ साली ते दिवाण झाले. बँक ऑफ म्हैसूर १९१३, म्हैसूर विद्यापीठ १९१६, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, ही यादी मोठी आहे आणि आमच्या अभ्यासक्रमात येऊन गेली आहे. १९१८ साली त्यांनी दिवाणगिरी सोडली. नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांसाठी जागा राखून ठेवण्याचा महाराजांचा विचार त्यांना पटला नाही. कार्यक्षमता घसरेल असे त्यांचे मत. इथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. आपल्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी मिळावे म्हणून ज्याने कालव्याला पाळी लावली, त्याला माणसांच्या बाबतीत ते दिसू नये, याचे मला नवल वाटते आणि वाईटही वाटते.

आता ग्वाल्हेर. माधवराव शिंद्यांच्या संस्थानात सांक नदीवर तिघ्रा धरण १९१६ साली बांधून झाले. त्याच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांच्या पद्धतीची आपोआप उघडणारी दारे होती. ऑगस्ट १९१७ मध्ये ते धरण फुटले आणि खालच्या गावांत फार माणसे गेली. दारांचा दोष नव्हता. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरले होते. धरण पुढे पुन्हा बांधले गेले. गौरवग्रंथांत हे प्रकरण फारसे येत नाही. मला वाटते ते यावे. दार कितीही शहाणे असले तरी त्याला वरचे पाणी कळते, पायाखालचे कळत नाही.

हे सगळे लिहिताना माझ्या मनात सारखी आजी येत होती. माझी आजी लग्नाआधी पुण्याची, नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ रोजी ती बारा वर्षांची होती. त्या सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. धरण अजून पुरे व्हायचे होते, पाणी मात्र अडवले गेले होते. आदल्या दिवशीपासून जवान वाळूची पोती रचत होते. ते पाणी खाली आले खडकवासल्यावर. ऐंशी वर्षांचे ते दगडी धरण काही तास उभे राहिले आणि मग तेही फुटले. भर दिवसा पुण्यात पाणी शिरले. आजी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पर्वतीच्या दिशेने धावली. वाटेत भावाच्या पायातला एक जोडा पडला, तो उचलायला ती थांबली नाही, एवढे ती दरवेळी सांगते. घर मागे राहिले नाही. खडकवासला काही तास तरी टिकले म्हणून लोकांना पळायला उजेड मिळाला, असे तिचे म्हणणे. पुण्यातली तिच्या वयाची बरीच माणसे असेच म्हणतात.

खडकवासला फुटले तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते. आदल्या वर्षी, १९६० साली, त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली होती, टपाल तिकीट निघाले होते. १९५५ साली भारतरत्न मिळाले होते. नव्वदी उलटल्यावरही त्यांनी बिहारात गंगेवरच्या मोकामा पुलाच्या जागेचा सल्ला दिला होता. तरुणपणी ज्या धरणाला त्यांनी आठ फूट पाणी जास्त पेलायला शिकवले, ते गेल्याची बातमी बंगलोरात त्यांच्यापर्यंत कशी पोचली, पोचली तेव्हा ते काय म्हणाले, हे मी पुष्कळ शोधले. मला कुठे मिळाले नाही, आणि जे मिळाले नाही ते मी रचणार नाही. वरून एक अख्खे धरण चालून येईल, हा हिशेब १९०३ साली कुणीच केला नव्हता आणि तेवढे पाणी जाऊ देणारी दारे तेथे बसवलेली नव्हती. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ रोजी, ते वारले. खडकवासल्याचे धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले आणि आजही पुणे त्याचे पाणी पिते.

कन्नंबाडीची भिंत शंभरीकडे चालली आहे. मूळची दारे गंजली, गळू लागली, आणि अलीकडच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने बदलली गेली. धरणापासून २० किलोमीटरच्या आत दगडाच्या खाणींत सुरुंग लावू नयेत, असा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ च्या जानेवारीत दिला. देशभरच्या धरणांच्या तपासणीसाठी २०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. कायदा पानशेतनंतर साठ वर्षांनी आला. उशिरा आला हे म्हणणे सोपे आहे. मी फक्त वजाबाकी केली. तुंगभद्रेवर २०२५ च्या पावसाळ्यात जुन्या दारांच्या भीतीने धरण पुरे भरलेच नाही, सुमारे ८० टीएमसीवर थांबवले. माझ्या मित्राच्या घरी त्यामुळे दुसऱ्या पिकाची आशा सुटली. सर म्हणाले होते तसा दारांचा घसारा वेगळा असतो. तो कुणीतरी भरतोच, सरकारी वहीत नाही तर गंगावतीच्या खळ्यावर.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे मोटारसायकलवरून हिडकलला गेलो. घटप्रभेचे धरण भरलेले होते आणि दारे मिटलेली. वरच्या पुलावर पन्नाशीचा एक कामगार तारेच्या दोरांना ग्रीस लावत होता. हाताला फडके, शेजारी पत्र्याचा डबा. मित्र त्याच्याशी कन्नडात बोलला, मी मराठीत बोललो, तो दोन्हीत बोलला. दोर किती वर्षांचा, कधी बदलला, हे त्याला तोंडपाठ होते. विश्वेश्वरय्यांचे नाव विचारले तेव्हा चौकातला पुतळा त्याला ठाऊक होता, खडकवासल्याची दारे ठाऊक नव्हती. मी सांगितली. विहिरीतले वजन आणि आपोआप उघडणारे दार ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, की त्या दारांना ग्रीस कोण लावत असे. घरी येऊन मी पुस्तक पुन्हा चाळले.